पोर्थवेरनच्या वहीतली फुली

"हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही," मी म्हटलं, "पण इंग्लंडातल्या एका चर्चमध्ये लग्नांची वही आहे आणि त्या वहीत साक्षीदार म्हणून माझी फुली आहे."

लग्ननोंदणीच्या कचेरीत कुणीच हसलं नाही. हसण्यासारखी तिथे कुणाची परिस्थितीच नव्हती.

वैजू खुर्चीत ताठ बसली होती. मोतिया साडी, केसांत अबोलीचा वळेसर. शेजारी मेल्विन रॉड्रिग्ज, आमच्या बंदरातली होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा पोरगा. नखांतलं ग्रीस काढताना त्याने बोटं इतकी खरवडली होती की ती लाल झाली होती. त्याच्या मागे त्याची मोठी बहीण. टेबलापलीकडे ताम्हणकर मॅडम आणि त्यांच्यापुढे उघडं रजिस्टर. असल्या लग्नाला साक्षीदार तीन लागतात. मेल्विनच्या बहिणीची सही झाली होती. दुसरा मी, लवू मेतर. तिसरी जागा कोरी होती.

"बाहेर चहावाला आहे, त्याला बोलवा," मॅडम म्हणाल्या. "निम्म्या तालुक्याच्या लग्नांना तोच साक्षीदार आहे. मला ओरोसला मीटिंगला जायचंय. आज राहिलं तर मग पुढच्या महिन्यातच."

"तिसरी सही बाबांची," वैजू म्हणाली. "नसली तर लग्न नको."

मेल्विनने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बिचाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं दिसलं.

बाबा म्हणजे जगू धुरी. तो काही लांब नव्हता. कचेरीच्या खिडकीखाली त्याचा मासळीचा टेम्पो उभा होता, आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर तो आमच्याकडे पाठ करून विडी ओढत बसला होता. सकाळची एसटी आलीच नाही, तेव्हा त्यानेच टेम्पो काढला, फळ्या धुतल्या, वैजूच्या साडीला वास लागू नये म्हणून वर कोरी ताडपत्री घातली आणि सगळ्यांना इथवर आणलं. वाटेत अक्षर बोलला नाही. कारण गावात देवळासमोर, सगळ्यांच्या देखत, तो एकदा बोलून बसला होता: "त्या हापिसाचो उंबरो मी चढूचंय नाय." मेल्विनशी त्याचं वैर नव्हतं. टेम्पोचं इंजिन मेल्विनशिवाय दुसऱ्या कुणाला त्याने कधी हात लावू दिला नाही. पण इंजिन वेगळं आणि जावई वेगळा, आणि दिलेला शब्द त्याहून वेगळा.

जगू आणि मी एकाच रापणीच्या जाळ्याचे दोर किनाऱ्यावर ओढत वाढलो. मी थाप मारायची आणि त्याने ती पकडायची, असा आमचा जन्माचा धंदा. चहाच्या दुकानात मी म्हणावं, बसऱ्याच्या बंदरात मी होडीएवढी सुरमय बघितली, की कोपऱ्यातून जगू विचारणारच, "आणि ती कढयेत कशी मावली?" माझी एकही थाप त्याने कधी सुखाने पाण्यात सोडली नाही. पण वैजूची नोटीस या कचेरीच्या फळ्यावर लागली त्या दिवसापासून तो दुकानात फिरकला नाही. मी एकटाच थापा मारत होतो, आणि त्या पडून राहत होत्या, न खपलेल्या बांगड्यांसारख्या.

आत उकडत होतं, म्हणून मी माझी खुर्ची खिडकीजवळ ओढली.

"कसली फुली, काका?" मेल्विनच्या बहिणीने विचारलं. शांतता सहन होईना म्हणून विचारलं तिने, पण विचारलं.

मग मी सांगू लागलो.

मी तेव्हा आगबोटीवर खलाशी होतो. इंग्लंडच्या खालच्या कोपऱ्यात कॉर्नवॉल म्हणून मुलूख आहे, तिथल्या बंदरात माल उतरवताना दोर तुटला आणि पेटी माझ्या पायावर आली. पाय मोडला. बोट काय, कुणासाठी थांबते? ती गेली पुढे, मी राहिलो मागे, मांडीपर्यंत प्लास्टर घालून. कंपनीची दुसरी बोट येईपर्यंत मला ठेवायचं कुठे? तर पोर्थवेरन म्हणून जवळच एक कोळीवाडा होता, तिथल्या पाद्र्याने माझी सोय लावली, जेबेझ ट्रेगिअर नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी.

पोर्थवेरन म्हणजे आपलंच बंदर, थंड पाण्यातून पिळून काढलेलं. दगडी धक्का, धक्क्यावर मांजरं, मांजरांवर ओरडणाऱ्या बायका. टेकडीवर चर्च, आणि चर्चचा मनोरा एवढा उंच, की आत येणाऱ्या होड्या त्याच्यावर नजर ठेवून खडक चुकवायच्या. वारा तर विचारू नका. कोंबडी वाऱ्याकडे पाठ करून बसली, तर घातलेलं अंडं परत आत जायचं. एका कोंबडीने तेच अंडं आठवडाभर घातलं.

मी खिडकीतून खाली पाहिलं. विडीचा धूर सरळ वर येत होता. जगू हललासुद्धा नाही.

"मग?" मेल्विनची बहीण म्हणाली.

मग जेबेझ. तो इंग्रजीत बोलायचा हे उघडच आहे, पण मला तो आठवतो मालवणीतच, त्याला माझा इलाज नाही. पहिल्या दिवशी मला उंबऱ्यात बघून त्याने एवढंच विचारलं, "जाळा शिवूक येता?"

"येता," मी म्हटलं.

"मगे आपला जमला."

आणि जमलं. तो जाळं धरायचा, मी शिवायचो. मी धरायचो, तो शिवायचा. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी मोर्वेना शहरात एका हॉटेलात कामाला, ती फक्त शनिवार-रविवारी घरी यायची. एरवी आम्ही दोघंच. स्वयंपाक तो करायचा. त्या लोकांत मासे तळायची पद्धत मात्र विचित्र. पिवळ्या रंगाचं, गोड, व्हॅनिलाच्या वासाचं पीठ असतं, त्यात घोळवून तळतात.

"काका, ते कस्टर्ड," मेल्विन म्हणाला. त्या सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "कस्टर्ड पावडर. दुधात घालतात. माशांना नाही लावत कुणी."

"जेबेझच्या घरी लावायचे," मी म्हटलं. "बायको होती तोवर घरातलं सामान ती आणायची, ती डबे भरायची. आता नव्या दुकानातून डबे आले, आणि डबा नवा की पद्धत नवी. मला विचारलं, 'बरो झालो मा मासो?' मी म्हटलं, 'झक्कास.' पाहुण्याने आणखी काय म्हणायचं? दोघांनी मिळून सगळा डबा संपवला."

ताम्हणकर मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग रजिस्टरवरचं टोपण काढलेलं पेन त्यांनी परत टोपणात घातलं. ऐकत होत्या.

मोर्वेनाचं लग्न ठरलं होतं. मुलगा डेनिस, गावातल्या शाळामास्तरांचा. मुलगा जेबेझला पसंत होता. अडचण होती ती चर्चची. आता त्यांच्याकडे देव एकच, पण घरं दोन. टेकडीवर चर्च आणि खाली धक्क्याजवळ चॅपल. चर्चवाले चॅपलमध्ये जात नाहीत आणि चॅपलवाले चर्चमध्ये. आपल्याकडे जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून दोन आळ्या वर्षभर बोलत नाहीत, तसंच. मास्तर चर्चचे, म्हणून लग्न चर्चमध्ये. आणि जेबेझ चॅपलचा. तो धक्क्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "त्या चर्चाचो उंबरो मी चढूचंय नाय."

"हेच शब्द?" वैजूने विचारलं.

"इंग्रजीत," मी म्हटलं.

वैजूने खिडकीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

मोर्वेनाही बापासारखीच. ती म्हणाली, "लग्नाच्या वहीत साक्षीदाराची जागा असते, तिथे माझ्या वडिलांची सही पाहिजे. आई असती तर तिने केली असती. आता तुम्हीच आहात." जेबेझचं एक मी बघून ठेवलं होतं. चर्चचं नाव काढलं की तो नुसता गुरगुरायचा. सहीचं नाव काढलं की उठून होडीकडे जायचा. चॅपलचा अभिमान फार! मोर्वेना माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, "त्यांना माझ्यापेक्षा चॅपल मोठं झालंय." मी काय बोलणार? मी परका, वर लंगडा.

"तिकडे आमच्यासारखी नोटीस वगैरे नाही का?" मॅडमनी विचारलं.

"आहे ना! पण फळ्यावर नाही लावत."

"बरं करतात. इथे महिनाभर लावतो, वाचतात फक्त पाली."

"तिकडे भर चर्चमध्ये वाचतात, मॅडम. लग्नाआधी तीन रविवार पाद्री उभा राहतो, दोघांची नावं घेतो आणि विचारतो, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आता बोला. मग सगळे श्वास धरून गप्प. अशी शांतता, की टेकडीखालचा समुद्र आत ऐकू येतो. मोर्वेनाच्या बाजूने बसायला कुणी नाही, म्हणून तिन्ही रविवार कुबडी घेऊन मी गेलो. तिन्ही रविवार गप्प बसलो. मला बघून पाद्री खूश. तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर त्याने मला आत नेलं आणि कपाटातून जुनी वही काढून दाखवली."

ती वही मी विसरणार नाही. कातड्याची, समुद्राच्या हवेने फुगलेली. तीनचारशे वर्षांत त्या गावात झालेली लग्नं, एकाखाली एक. आणि सह्यांच्या जागी काय, तर फुल्या. पानंच्या पानं फुल्या. कुठली डोलकाठीसारखी सरळ, कुठली वाऱ्यात कलंडलेली. एका गड्याने तर फुलीच्या जागी नांगर काढून ठेवला होता. पाद्री म्हणाला, "ही सगळी समुद्रावर जाणारी माणसं. लिहायला शिकायला वेळ कुणाला होता? यांच्या फुल्यांवर हे गाव उभं आहे."

घरी येऊन मी हे जेबेझला सांगितलं. तो जाळ्याची सुई थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ता तेवाचा. आता वहीच्या बाजूक शाळामास्तर उभो ऱ्हवतलो." आणि उठून होडीकडे गेला.

"होडीकडे का?" मेल्विनच्या बहिणीने विचारलं.

"वाऱ्याने दोर सुटला असेल," मी म्हटलं. "वारा फार तिकडे. सांगितलं ना, कोंबडीचं?"

खिडकीखाली जगू खाकरला. विडी संपली होती. त्याने दुसरी पेटवली, पण काडी दोनदा विझली.

लग्नाच्या दिवशी जेबेझने सकाळी दाढी केली. काळा कोट घातला, काळी टोपी घातली, आणि तसाच जाऊन धक्क्यावर जाळं शिवायला बसला. मी म्हटलं, "येतस?" तो म्हणाला, "तू जा. माझ्या चेडवाच्या बाजूक बस." मी गेलो. पण कुबडीचा अडथळा नको म्हणून मला शेवटच्या बाकावर दाराशी बसवलं. दार थोडं उघडं. बाहेर कबरस्तानाची भिंत, आणि त्या भिंतीवरून मला काय दिसावं, तर एक काळी टोपी. नुसती टोपी. ती फाटकापर्यंत यायची, थांबायची, परत जायची. पुन्हा यायची. पाण्यावर जाळ्याचा बोया हलतो ना, तशी. फाटक ढकलून आत यायला काही तिला जमत नव्हतं.

मोर्वेनाला एकटीलाच आत चालत यावं लागलं. तिने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटतं ती माझ्याकडे बघत नव्हती.

पाद्री वाचत वाचत त्याच प्रश्नापाशी आला आणि म्हणाला, कुणाची हरकत असेल तर आता बोला. झालं, सगळं चर्च गप्प. आता तुम्हीच सांगा, आपल्या लग्नात अशी शांतता कधी होते? मंगलाष्टकं संपता संपता. भटजी श्वास घेतात, अंतरपाटाशी मामा तयार, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मग आपण काय करतो? माझ्या तोंडून सवयीने गेलं, आणि गेलं तेही डोलकाठीवरून हाक मारावी तसं:

"शुभमंगल सावधान!"

आणि खिशातले तांदूळ मी फेकले. पहिल्या बाकावरच्या मास्तरीणबाईंच्या टोपीत निम्मे.

मेल्विन हसला. वैजूही हसली, आणि हसताना एकदम डोळे पुसायला लागली.

"अहो पण मग लग्न थांबवावं लागलं असेल," मॅडम म्हणाल्या. "हरकत आली की चौकशी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुठेही."

थांबलंच! पाद्री खाली उतरला. मला म्हणाला, "तुमची हरकत काय आहे?" मी म्हटलं, "सावधान." मास्तर तांबडेलाल. डेनिस पांढराफटक. मोर्वेना माझ्याकडे अशी बघत होती, की ते बघणं मला अजून विसरता आलेलं नाही. आणि पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "त्याला काहीतरी माहीत आहे! तो त्यांच्या घरात राहतो! पोरीबद्दल काहीतरी माहीत आहे त्याला!"

तो आवाज दारातून बाहेर गेला, भिंतीवरून पलीकडे गेला. आणि पुढच्या घटकेला दार असं आपटलं की मनोऱ्यावरची कबुतरं उडाली.

"कोण तो? माझ्या चेडवाबद्दल कोण काय बोललो? येवंदे माझ्यासमोर!"

जेबेझ चर्चच्या मधोमध उभा होता. डोक्यावर टोपी, हातात जाळ्याची लाकडी सुई. ती सुई त्याने एकेकाच्या नाकासमोर धरली. मास्तर मागे सरकले. मग हळूहळू त्याला कळलं आपण कुठे उभे आहोत ते. त्याने वर पाहिलं, रंगीत काचा पाहिल्या, खाली फरशी पाहिली.

"बाबा," मोर्वेना म्हणाली, "टोपी काढा."

त्याने टोपी काढली.

मग मी पाद्र्याला समजावून सांगितलं, की आमच्या देशात या वेळी असंच ओरडतात, तांदूळ टाकतात, त्याशिवाय लग्न लागत नाही. पाद्री हसला. तो हसला तसं सगळं चर्च हसलं, आणि लग्न पुढे चालू झालं. जेबेझ मुलीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सुई हातात तशीच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लग्न झाल्यावर सगळे आतल्या खोलीत गेले, वही उघडली. आधी मास्तरांनी सही केली, वेलांट्या काढून, खाली दोन रेघा मारून. मग पेन जेबेझच्या हातात आलं. त्याने ते बुळबुळीत वाम मासा धरावा तसं धरलं, की आता निसटेल की नंतर. मोर्वेना बघत होती. मास्तर बघत होते. मी म्हटलं, "आधी मी! लग्न मी थांबवलं, तर साक्षीदारही मीच!" आणि पेन घेतलं.

आता मला कुठलं लिहिता येतंय? मी शाळेची पायरी चढलेलो नाही. मी मारली फुली. मास्तरांची भुवई वर गेली. लाज वाटली हो मला, भर इंग्लंडात. आणि तेव्हा जेबेझचा मोठेपणा बघा. एवढा वाचलेला-शिकलेला माणूस, पण पाहुणा एकटा पडू नये म्हणून त्याने माझ्या फुलीशेजारी आपलीही फुली मारली. चांगली मोठी, डोलकाठीसारखी सरळ. पाद्र्याने मान वर न करता बाजूला लिहिलं: जेबेझ ट्रेगिअर, वधूपिता, यांची खूण. मोर्वेनाने ओल्या शाईवर बोट ठेवलं. पांढरा हातमोजा होता, बोट काळं झालं. तो हातमोजा तिने जेवणाच्या वेळीसुद्धा काढला नाही.

"तर असा माझ्या अडाणीपणाचा गोंधळ," मी म्हटलं. "एक तर सवयीने ओरडलो, आणि त्यात अंगठाछाप. पण म्हणून तिकडच्या वहीत माझी फुली आहे. जगातल्या कुठल्याही माणसाने जाऊन बघावी. मी म्हणतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे."

मॅडमनी परत घड्याळाकडे पाहिलं आणि या वेळी रजिस्टरला हात घातला. "छान होती गोष्ट," त्या म्हणाल्या. "पण मला आता निघायला हवं. मुली, काय करायचं सांग."

वैजूने पदर सावरला. ती उठायला लागली होती.

बाहेर टेम्पोची फळी धाडकन पडली. व्हरांड्यात चपला वाजल्या. पडदा बाजूला झाला आणि जगू धुरी आत आला, हातात पेटती विडी, बोट माझ्या नाकासमोर.

"खोटा!" तो म्हणाला. "सगळा खोटा बोलतंस!"

"काय खोटं?" मी विचारलं.

"शाळेची पायरी चढलंस नाय? अरे, चौथीपर्यंत एका बाकार बसलो आपण! माझी गणितां कोण सोडवून देय? तुझो बापूस? तुका लिवूक येता, तुका सगळा येता, आणि तू फुली मारतंस?"

"इंग्रजीत कुठे—"

"गप! आणि तो तुझो जेबेझ वाचलेलो-शिकलेलो म्हणे. कस्टर्डात मासे तळणारो? डब्यावरचा नाव वाचूक येय नव्हता तेका! सहीचा नाव काढल्यार होडीकडे कित्याक पळी तो? चॅपल-बिपल सगळी सबब. मास्तरासमोर फुली मारूची लाज वाटी तेका. आणि ह्या तुका ठाऊक होता. म्हणान तू आधी मारलंस!"

"बरं, फुलीचं राहू दे," मी म्हटलं. "पण ओरडलो तो तर सवयीने."

"सवयीन?" जगूचा आवाज आता कचेरीच्या पत्र्याला लागत होता. "तीन आयतवार तोच प्रश्न ऐकलंस आणि तीन आयतवार गप बसलंस. आणि चौथ्या खेपेक सवय? खिशात तांदूळ घालून? लव्या, तुका दारातसून ती टोपी दिसत होती! तो येय होतो आणि परत जाय होतो. शब्द देवन बसललो माणूस, तेका आत येवक कायतरी निमित्त व्हया होता. चार माणसांत हसा झाला तरी चलात, पण तो आत येवक व्हयो, म्हणान तू मुद्दाम तेका..."

तो थांबला. बोट माझ्या नाकासमोर तसंच राहिलं. मग त्याने टेबलाकडे पाहिलं, उघड्या रजिस्टरकडे, मेल्विनच्या लाल बोटांकडे. शेवटी त्याने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडदा अजून हलत होता, आणि उंबरा त्याच्या पलीकडे राहिला होता.

ताम्हणकर मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"बाबा," वैजू म्हणाली, "विडी टाका."